मदत हवी आहे: वेबमिन उघडताना सर्टिफिकेटची वॉर्निंग, योग्य उपाय कोणता?

नमस्कार मंडळी,

आमच्या पतसंस्थेत एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून फाइल सर्व्हर उभा केलाय. बॅकअप, युजर, डिस्क ब्राउझरमधूनच बघता यावं म्हणून वेबमिन बसवलं. इन्स्टॉल सुरळीत झालं, पण एचटीटीपीएसने सर्व्हरचा आयपी आणि १०००० पोर्ट टाकला की क्रोम 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' म्हणून अडवतो. खाली एरर येते 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड'. फायरफॉक्सचंही तेच.

वेबमिन स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवतं आणि ब्राउझर त्या सहीला ओळखत नाही, इथवर समजलं. 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे गेलं की कामही होतं. पण मी रजेवर असताना अकाउंटच्या मॅडम बॅकअप बघणार आहेत. 'असं पान आलं की सरळ पुढे जा' हे त्यांना शिकवायला मन धजत नाही. उद्या बँकेच्या साइटवर हेच पान आलं, तर त्या तिथेही पुढे जातील, आणि इथे लोकांच्या ठेवींचा प्रश्न आहे.

वेबमिनमधूनच लेट्स एन्क्रिप्टचं (ही संस्था ब्राउझर ओळखतात असं मोफत सर्टिफिकेट देते) करून पाहिलं, फेल झालं. सर्व्हर फक्त ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आहे, आयपी १९२.१६८ वाला. राउटरवर पोर्ट उघडायची माझी तयारी नाही. संस्थेचं डोमेन आहे, वेबसाइट मात्र बाहेर होस्ट केलेली आहे. काय करावं?

उत्तर: पोर्ट उघडू नकाच. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पडताळणी बाहेरून ८० पोर्टवर येते, म्हणून फेल झालं. तुम्ही डीएनएस-०१ पद्धत वापरा. त्यात डोमेनच्या डीएनएसमधला (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) फक्त एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची नोंद, तपासतात, सर्व्हर बाहेरून दिसावा लागत नाही. डोमेनखाली सर्व्हरला नाव द्या, ऑफिसच्या डीएनएसमध्ये ते लोकल आयपीला जोडा. यापुढे मॅडमनी त्या नावानेच उघडायचं. आयपी टाकला तर वॉर्निंग येणारच, कारण सर्टिफिकेट नावाचं असतं.

तोवर तुम्ही एकट्याने लॉगिन करा, तेही खात्री करून. सर्व्हरसमोर बसून ओपनएसएसएल या कमांडने वेबमिनच्या मिनीसर्व्ह पेम फाइलमधल्या सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (त्याची ओळख पटवणारी अक्षरं-आकडे) काढा आणि ब्राउझर दाखवतो त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. जुळला तरच पासवर्ड टाका.

धागाकर्ता: मनापासून आभार, फिंगरप्रिंट जुळला. पण आमच्या डीएनएसवाल्यांकडे एपीआय (प्रोग्रामने रेकॉर्ड बदलायची सोय) नाही, रेकॉर्ड हातानेच टाकावा लागतो. सर्टिफिकेट ९० दिवसांचं, म्हणजे दर वेळी हेच? नेमसर्व्हर (डोमेनचे रेकॉर्ड ठेवणारा सर्व्हर) हलवला तर संस्थेचे ईमेल बंद पडतील अशी भीती वाटते.

उत्तर: नेमसर्व्हर हलवायची गरज नाही. सर्व्हरच्या नावाआधी 'अंडरस्कोअर ॲक्मी-चॅलेंज' लावून एकच सीनेम रेकॉर्ड (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणारा) हाताने टाका आणि तो एपीआय असलेल्या दुसऱ्या डोमेनकडे वळवा. लेट्स एन्क्रिप्ट त्या सीनेमच्या मागे जाऊन तपासतं. सर्टिफिकेट आणणाऱ्या ॲक्मी डॉट एसएच स्क्रिप्टमध्ये 'चॅलेंज अलायस' पर्याय यासाठीच आहे. नूतनीकरण क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) सोडा आणि नवं सर्टिफिकेट आलं की वेबमिन रीस्टार्ट होईल अशी कमांड त्यातच जोडा. ईमेल कुठे जावेत हे सांगणाऱ्या एमएक्स रेकॉर्डला हात लागत नाही, त्यामुळे ईमेल चालू राहतील.