ग्रामसभा मुलांना कशी शिकवावी? गोव्यातल्या शिक्षकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला सामाजिक शास्त्र शिकवते. पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती, विधानसभेचे ४० मतदारसंघ, ३० मे १९८७ ला मिळालेला घटक राज्याचा दर्जा, हे सगळं मुलांना तोंडपाठ आहे. पण ‘तुझ्या वाड्याचा पंच कोण?’ असं विचारलं की निम्म्या माना खाली जातात. ही मुलं तीन-चार वर्षांत मतदार होणार, म्हणून जीव तुटतो.

१९९४च्या गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे पंचायतीच्या मतदारयादीतली माणसं ग्रामसभेची सदस्य असतात. मुलं त्यात येत नाहीत. तेव्हा सचिवांना आधी भेटले, मागे गप्प बसू असं कबूल केलं आणि जुलैच्या ग्रामसभेला बारा मुलांना घेऊन गेले. मागचं इतिवृत्त वाचून होईपर्यंत मुलं कंटाळली. मग डोंगर कापून चाललेल्या बांधकामाचा विषय निघाला आणि आवाज चढले. एका मुलीचे काका एका बाजूला, एका मुलाचे वडील दुसऱ्या बाजूला. सोमवारी वर्गात ती दोघं एकमेकांकडे बघेनात. दोन दिवसांनी एक पालक शाळेत आले, म्हणाले, ‘‘बाई, शाळेत राजकारण नको.’’ ते रागाने बोलले नाहीत, काळजीने बोलले. म्हणून त्यांना काय सांगावं हेच मला सुचलं नाही.

नंतर वर्गातच लुटुपुटूची ग्रामसभा भरवली. विषय ठेवला शाळेच्या आवारातला पाण्याचा नळ. दहा मिनिटांत एकमताने ठराव मंजूर! त्या नळापायी कुणाचं काही जाणार नव्हतं, मग भांडेल कोण? खरा विषय घेतला तर घराघरांत फूट, खोटा घेतला तर वर्गात पेंग. मी नेमकी इथे अडकले आहे.

एक विचार डोक्यात आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरचा १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल वर्गात घ्यावा. मतदानाच्या चिन्हांपैकी फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश राहणं. फुलाला १,३८,१७० मतं आणि दोन पानांना १,७२,१९१. भांडण अगदी खरं, पण निकाल लागून साठ वर्षं होत आली. मुलांनी आजी-आजोबांना विचारायचं, तुम्ही कशाला मत दिलं आणि का? मग वर्गात ज्याने त्याने आपल्या घरच्या विरुद्ध बाजूने बोलायचं. दुसऱ्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत मांडता येणं, हे मला कलमं पाठ असण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पण आमच्याकडे फुलाची आठवण अजून हळवी आहे. माझे स्वतःचे आजोबा त्या निकालाबद्दल शेवटपर्यंत बोलले नाहीत. कुणी हा विषय वर्गात घेतला आहे का? दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं असताना काय झालं? मुलांनी ‘बाई, तुमचं मत काय?’ विचारलं तर तुम्ही सांगता की टाळता?

आणि पंचायतीचे कोणते कागद वर्गात उपयोगी पडतात? ग्रामसभेची नोटीस मी वाचून घेतली, ती मुलांना समजली. अंदाजपत्रकाशी मात्र मीच झगडते आहे. कुणी सोपं करून शिकवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी मुख्याध्यापकांना आराखडा द्यायचा आहे. त्या पालकांनाही तो दाखवायला घेऊन जाणार आहे.