इंग्लंडमध्ये कैद्यांची आणि इमिग्रेशन डिटेन्शनची वकिली: सुरुवात कशी करावी?

मृण्मयी_पुणे:
पुण्यातून एलएलबी, सनद आहे, फौजदारीत प्रॅक्टिस केली आहे. आता लंडनला स्थायिक झालेय. सॉलिसिटर होऊन कैद्यांची आणि इमिग्रेशन डिटेन्शनमधल्या (देशाबाहेर पाठवण्यासाठी वगैरे डांबून ठेवलेल्या) लोकांची कामं करायची आहेत. परीक्षेशिवाय आणखी काय लागतं? दोन्ही कामं एकत्र करता येतात का?

टेम्सकाठ:
सनद असल्यामुळे दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्हाला नाही, एसक्यूई (सॉलिसिटर होण्याची पात्रता परीक्षा) मात्र द्यावी लागेल. खरी मेख पुढे आहे. लीगल एडमध्ये (सरकारी खर्चाने मिळणारी वकिली, जिच्यासाठी फर्मचा सरकारशी करार लागतो) कैद्यांचं काम क्राइम कॉन्ट्रॅक्टखाली येतं आणि इमिग्रेशनचं सिव्हिल कॉन्ट्रॅक्टखाली. दोन्ही कॉन्ट्रॅक्ट असलेली फर्म बघा, नाहीतर एकाच अशिलाची अर्धी फाइल दुसऱ्याकडे सोपवावी लागते. शिवाय लीगल एडवर इमिग्रेशनची कामं घ्यायला सॉलिसिटरलाही लॉ सोसायटीचं वेगळं अ‍ॅक्रेडिटेशन लागतं.

जामीनवाला:
दोन्ही एकत्रच करावीत असं माझं ठाम मत आहे. परदेशी कैद्याची शिक्षा संपते, पण तेवढ्यात तुरुंगाकडे आयएस ९१ (इमिग्रेशन कायद्याखाली डांबून ठेवण्याचा आदेश) येऊन पडतो आणि माणूस त्याच कोठडीत राहतो. मग इमिग्रेशन ट्रिब्युनलकडे बी१ फॉर्मवर जामीन मागायचा. होम ऑफिसने (गृहखात्याने) बेल समरी, म्हणजे जामिनाला विरोध का याचं लेखी निवेदन, सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी २ पर्यंत द्यायची असते. ती हातात आली की आधी प्रवासाच्या कागदपत्रांचा परिच्छेद वाचा: हाय कमिशनकडे अर्ज कधी गेला, मुलाखत झाली का, उत्तर काय आलं. तारखाच दिसत नसतील तर हरदियाल सिंगचा खटला (१९८३) मांडा. हा भारतीय माणूस शिक्षा संपूनही डरहॅम तुरुंगात अडकला होता. परत पाठवण्यासाठी लागणाऱ्या वाजवी काळापलीकडे कुणाला डांबता येत नाही, हे तत्त्व त्याच्याच खटल्यातून आलं. इथे डिटेन्शनला कायद्याने ठरलेली कमाल मुदत नाही, म्हणून हा आधार फार मोलाचा.
जामीन अडतो तो बहुतेक वेळा पत्त्यावर. लायसन्सवर (उरलेली शिक्षा अटींवर बाहेर राहून भोगत) असलेल्याचा पत्ता प्रोबेशनने, म्हणजे सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याने, मंजूर करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. पत्ता मंजूर करण्याची मागणी करणारं पत्र शिक्षा संपायच्या बरंच आधी पाठवा. अर्ज फेटाळला गेला तर २८ दिवसांत पुन्हा केलेला अर्ज, परिस्थितीत ठोस बदल दाखवल्याशिवाय, सुनावणीविनाच फेटाळला जातो.

नियम३९:
तुरुंगाच्या बाजूचं थोडं. २०१३ मध्ये लीगल एड बरंच छाटलं गेलं. २०१७ च्या अपील कोर्टाच्या निकालानंतर काही भाग परत आला. मुख्य काम पॅरोलचं (इथे पॅरोल म्हणजे तात्पुरती रजा नव्हे, अटींवर सुटका) आणि तुरुंगातल्या शिस्तभंगाच्या सुनावण्यांचं. स्वतंत्र अ‍ॅडज्युडिकेटर (शिस्तभंगाचे गंभीर आरोप ऐकणारा न्यायाधीश) ४२ दिवसांपर्यंत जादा कैद देऊ शकतो, त्यामुळे ही सुनावणी किरकोळ समजू नका. पॅरोल बोर्डाने नुसत्या कागदांवर नकार दिला तर मुदतीत तोंडी सुनावणी मागा, सुप्रीम कोर्टाचा ऑसबॉर्न (२०१३) निकाल दाखवून.
कैद्याला पाठवायच्या पत्राच्या पाकिटावर ‘रूल ३९’ (वकील-कैदी पत्रव्यवहार गोपनीय ठेवणारा तुरुंग नियम) ठळक लिहा. ते राहिलं तर पत्र उघडलं जातं.

मृण्मयी_पुणे:
छळ सोसलेल्या अशिलासाठी रूल ३५ चा अहवाल (डिटेन्शन सेंटरच्या डॉक्टरने छळाबद्दल द्यायचा) मी मागायचा की त्याने?

जामीनवाला:
त्याने सेंटरच्या हेल्थकेअरकडे अपॉइंटमेंट मागायची, तुम्ही त्याच दिवशी लेखी मागणी पाठवायची. नुसतं फोनवर सांगितलंत तर पुढे पुरावा उरत नाही. अहवाल आल्यावर डॉक्टरने जखमांच्या खुणा आणि अशिलाची हकीकत जुळवून मत दिलंय का ते बघा. मत नसेल तर दुरुस्ती मागा.