बारा वर्षांच्या पोराला पुढं मेटाबॉलिक सिंड्रोम होणार का, हे आत्ताच कळतं का?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्ये लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे कंबर, बीपी, साखर, रक्तातली चरबी हे सगळं एकत्र बिघडणं, असं वाचलं. मोठा मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. शाळेत तपासणी झाली तिथं बीपी १३२/८६ लिहून दिलं आणि रक्त तपासा म्हणाले. दुसऱ्या दिवशी लगेच शाळेत सोडता सोडता लॅबमध्ये नेला. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी १८२, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ३७, साखर ९७. उंची १५० सेंटीमीटर, वजन ६० किलो, कंबर ८६, ती बायकोनं शिलाईच्या टेपनं मोजली. मला स्वतःला ३७ व्या वर्षी शुगर निघाली, आमच्या वडलांनाही आहे. पोरगा जन्मला तेव्हा २ किलो १०० ग्रॅमचा होता, जो तो म्हणायचा बारीक आहे बारीक आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला भरवलं, आजी तर ताट रिकामं झाल्याशिवाय उठू द्यायची नाही.

अजून एक, मानेमागं काळपट पट्टा आलाय, हात लावला की मखमलीसारखा जाड लागतो. आम्ही मळ समजून सहा महिने डाळीचं पीठ लावून घासत होतो, एकदा तर कातडं सोललं, पोरगं रडलं. आता कळतंय तो मळ नव्हताच.

नेटवर एक कॅल्क्युलेटर सापडला, आकडे टाकले की मुलांचा मेटाबॉलिक सिंड्रोमचा स्कोअर देतो. त्यात वंश निवडायचा असतो, भारतीय असं काही नव्हतंच, म्हणून होते ते तिन्ही पर्याय एकेक करून टाकले तर तीन वेगळे आकडे आले, त्यातला एक ९४ पर्सेंटाइल. म्हणजे ९४ टक्के चान्स आहे का? रात्री झोप लागेना झालीय. धाकटी आठ वर्षांची आहे, ती काडीसारखी, तिचं पण काही बघायचं का?

अशोकचौक_लॅबवाला
दादा एकच विचारतो, रक्त उपाशीपोटी दिलं होतं का?

जुळेसोलापूरकर
नाही ओ, दूध आणि खारी खाऊन निघाला होता. तिथं कुणी विचारलं नाही, आम्हालाही सुचलं नाही.

अशोकचौक_लॅबवाला
मग ते १८२ धरून बसू नका. खाल्ल्यावर ट्रायग्लिसराइड वर जातंच, साखरेचा आकडा पण उपाशीचा म्हणून वाचता येत नाही. एचडीएल मात्र खाण्यानं फारसं हलत नाही, ते ३७ खरं धरा. दहा-बारा तास उपाशी ठेवून परत करा, पाणी चालतं. सकाळी पहिल्या नंबरला न्या, लेकराला अकरा वाजेपर्यंत ताटकळत ठेवू नका.

बालरोग_होटगीरोड
दादा, मी इथंच मुलांची डॉक्टर आहे. मुलाला न बघता उपचार सांगणार नाही, पण आकडे कसे वाचायचे ते सांगते.

आधी ते ९४. पर्सेंटाइल म्हणजे चान्स नव्हे. शंभर पोरं रांगेत उभी केली तर तुमचा मुलगा ९४ व्या जागी, एवढंच ते सांगतं, पुढं त्याला आजार होण्याची टक्केवारी त्यात नाही. आणि ती रांग अमेरिकेतल्या १२ ते १९ वयाच्या मुलांची आहे, तिथल्या गोऱ्या, काळ्या आणि हिस्पॅनिक मुलामुलींची गणितं वेगवेगळी मांडलीत म्हणून तुम्हाला तीन उत्तरं मिळाली. आपली पोरं त्या रांगेत उभीच नाहीत.

आणि आपला बांधा वेगळा आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळं वर्षानुवर्षं अभ्यासली. बाळं वजनाला हलकी, हातापायाला मांस कमी, पण चरबी मात्र टिकून. २००४ मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांचा फोटो लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडं नुसतं वजन बघून भागत नाही. २ किलो १०० चं बाळ आणि नंतर झपाट्यानं वाढलेलं वजन, ही जोडी दिसली की मी सावध होते. यात आजीची चूक नाही हो, बारीक बाळाला भरवायचं हेच सगळ्यांना शिकवलेलं.

आता मेटाबॉलिक सिंड्रोम या शिक्क्याचं. आयडीएफनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय डायबेटिस संघटनेनं, २००७ मध्ये मुलांसाठी व्याख्या केली, १० ते १६ वयात कंबर ९० व्या पर्सेंटाइलला किंवा वर, आणि त्याच्या जोडीला चारपैकी दोन गोष्टी: ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० च्या खाली, बीपी वरचं १३० किंवा जास्त नाहीतर खालचं ८५ किंवा जास्त, उपाशी साखर १०० किंवा जास्त. दहाच्या आत हा शिक्का मारतच नाहीत. तुमच्या मुलाच्या कागदावर बघितलं तर शिक्का बसतो, पण त्यातले दोन आकडे कच्चे आहेत. एक ट्रायग्लिसराइड, ते वर सांगितलंच. दुसरं बीपी. शाळेत रांगेत, पोरं पळून आलेली, दंड जाड आणि पट्टा लहान, मग बीपी जास्तच दाखवतं. पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा लावून, वेगवेगळ्या तीन दिवशी घ्यायला लागतं.

समजा हे दोन्ही खाली आले. शिक्का गेला. इथंच लोकं फसतात बघा. वयात येताना इन्सुलिनचा प्रभाव तसाही कमी होतो, निरोगी मुलांतही, आणि नंतर बराचसा सुधारतो, त्यामुळं या वयात शिक्का लागतो आणि निघतो. अमेरिकेत एका भागातल्या सरकारी शाळांच्या मुलांना तीन वर्षांनी परत तपासलं तर ज्यांना शिक्का होता त्यातल्या जवळपास निम्म्यांचा गेलेला होता. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१७ मध्ये म्हणूनच सांगितलं की नावामागं लागू नका, कुठल्या गोष्टी एकत्र येतायत ते बघा.

तुमच्या मुलात न हलणाऱ्या गोष्टी बघा. बाप आणि आजोबा दोघांना शुगर. जन्माचं वजन. मानेचा पट्टा, त्याला अकँथोसिस म्हणतात, शरीरात इन्सुलिन जास्त खेळतंय याची ती खूण, घासून जात नाही, कृपा करून घासू नका. एचडीएल. आणि कंबर. कंबर भागिले उंची, ८६ भागिले १५०, म्हणजे ०.५७. ०.५ च्या आत पाहिजे. हा हिशोब कुठल्याही कॅल्क्युलेटरपेक्षा मला जास्त कामाचा वाटतो, शिलाईच्या टेपनं घरी होतो. फक्त टेप बेंबीवर नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, कपड्यावरून नाही. पुण्यातच डॉ. खाडिलकरांच्या टीमनं आपल्या मुलांच्या कमरेचे तक्ते २०१४ मध्ये काढलेत, त्यात ९० कशाला, ७० व्या पर्सेंटाइललाच लक्ष द्या असं निघालं.

उपाशी लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, दोनदा करा, मध्ये किमान दोन आठवडे ठेवा. सोबत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि लिव्हरसाठी एसजीपीटी. धाकटीला सध्या रक्त काढू नका, वर्षातून दोनदा उंची, वजन, कंबर लिहून ठेवा, आणि तिला पण भरवून जाड करू नका.

कडकभाकरी
डॉक्टर मॅडमनी सगळं सांगितलंच, मी आई म्हणून सांगते दादा. आमच्या पोराचं असंच होतं, वर्षापूर्वी उंची १४६, कंबर ८०. आम्ही पयल्यांदा काय केलं तर त्याच्या एकट्याच्या ताटातलं कमी केलं, आणि बाकी सगळे समोर बसून भजी खायलोत. लेकरू चोरून खायला लागलं की ओ. नंतर ते बंद केलं. घरात बाटलीतलं गोड पाणी आणायचंच नाही, कुणासाठीच नाही. रात्रीचं जेवण टीव्हीसमोर नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, दही, शेंगाची चटणी एक चमचा, हे सगळ्यांना सारखं. संध्याकाळी सहाच्या आत तर आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेर पाय ठेवता येत नाही, म्हणून साडेसहाला पार्क स्टेडियमकडं, तासभर, आधी मी चालायची तो पळायचा, आता मीच मागं पडते. वजन बावन्नचं बावन्नच राहिलं, मी रडकुंडीला आले होते, पण मॅडम म्हणाल्या उंची बघा. उंची १५३ झाली, कंबर ७८. वाढत्या पोराचं वजन नुसतं थांबलं तरी काम होतंय. आणि पाहुण्यांसमोर जाड्या म्हणू देऊ नका त्याला, कुणालाच.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितोय. उपाशी ट्रायग्लिसराइड १४१, एचडीएल ३८, साखर ९४. बीपी तिन्ही वेळा ११६ च्या आसपास. म्हणजे शिक्का गेला, वडील लगेच म्हणाले सुटला पोरगा, पेढे आणा. मी मॅडमचं उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं त्यांना. पेढे आले नाहीत.

कंबर नीट मधोमध मोजली तर ८४ भरली, म्हणजे ०.५६. धाकटीची ५३, उंची १२४, ती ०.४३. मग पोरानं टेप माझ्याच कमरेला लावला, १०२, उंची १७०. तो स्वतःच भागाकार करून म्हणाला बाबा तुम्ही माझ्यापेक्षा पुढं. कॅलेंडरवर चौघांची नावं लिहून त्यानंच रकाने पाडलेत. मॅडम, १४१ हे १५० च्या खाली असलं तरी या वयाला ठीक धरायचं का?

बालरोग_होटगीरोड
नाही दादा, १० ते १९ वयाला १३० किंवा वर म्हणजे जास्तच धरतात. दुसरं उपाशी सॅम्पल झालं की दोन्हीची सरासरी बघू. आणि तुमचं स्वतःचं एचबीएवनसी शेवटचं कधी केलंय?