स्लीव्ह (वजन उतरवायला जठर लहान करतात ते ऑपरेशन) होऊन आठ महिने झाले. खाणं सुटलं, आता त्या जागी काय करू?

११८ किलोवरून ८१ वर आले. शुगरची गोळी बंद झाली, गुडघे दुखत नाहीत, रात्री घुसमटून जाग येत नाही. ऑपरेशनचा पश्चात्ताप नाही हे आधीच सांगते, कारण घरी काही बोलायला गेलं की पहिलं वाक्य तेच येतं, "मग केलंसच कशाला?"

मला विचारायचंय ते रात्रीचं. ऑफिसातली कटकट डोक्यात घेऊन घरी आले की मी खायची. लहानपणापासूनची सवय. आई गेली तेव्हा मला रडू फुटलं नाही, मी खात राहिले. आता जठराचा पाऊण भाग काढून टाकलाय. चार-पाच घास झाले की छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडात लाळ दाटून येते, संपलं. पण हात जायचा तिथे जातोच. परवा साडेअकराला फ्रिज उघडून उभी होते. भूक अजिबात नव्हती. दार उघडं राहिलं म्हणून फ्रिज पीं पीं करायला लागला तरी हलले नाही. मग तिथेच फरशीवर बसून रडले. जवळचं कोणी गेल्यासारखं वाटत होतं, आणि खाण्यासाठी असं रडतेय याची लाजही वाटत होती.

दुसरं म्हणजे माणसं. लिफ्टमध्ये ज्यांनी इतकी वर्षं मान वर करून पाहिलं नाही, ते आता दार धरून थांबतात. "काय छान दिसतेस" ऐकलं की आनंदाच्या आधी राग येतो. ती आधीची बाईसुद्धा मीच होते ना? तिच्यासाठी कुणी दार का नाही धरलं?

आणि मला स्वतःलाच मी अजून दिसत नाही. दोन खुर्च्यांमधून जाताना अजून अंग चोरून तिरकी होते. दुकानात हात जुन्याच साइजकडे जातो. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते. कपड्यांत झाकली जाते, अंघोळीला नाही. चौथ्या महिन्यापासून केस पुंजक्याने गळताहेत.

कुणाला असं झालंय का? कसं निभावलंत?

प्रतिसाद १ (स्लीव्ह, तीन वर्षं)

ताई, केसांचं आधी सांगते, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या ते सहाव्या महिन्याच्या आसपास केस गळायला लागतात. मुळं शाबूत असतात. माझे वर्षभरात परत आले, कपाळापाशी आधी बारीक लव दिसायला लागली. पण दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जातंय का ते मोजा, आणि बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), डी यांची तपासणी चुकवू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेत असाल तर दोघींत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. मी सहा महिने दोन्ही एकदमच गिळत होते.

दाब येतो तो घाईमुळेही असतो. घास तोंडात आहे तोवर चमचा खाली ठेवायचा, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर "काहीतरी अडकलं असेल" म्हणत घरी बसू नका. उलट्यांनी बी१ जीवनसत्त्व कमी पडून नसांना, मेंदूला इजा होते आणि ती भरून येईलच असं नाही.

कातडीचं ऑपरेशन वजन स्थिर झाल्यावरच. तोवर घड्या कोरड्या ठेवा, ओल राहिली की चट्टे उठतात.

प्रतिसाद २ (वजनासाठीच जठराचं बायपास, पाच वर्षं)

फ्रिजपाशी उभं राहिल्याचं वाचलं आणि लिहायला बसलो. मी त्या जागी दारू आणली. ऑपरेशनच्या आधी मी कधीमधी घेणारा. दुसऱ्या वर्षी रोज व्हायला लागली. बायपासनंतर दारू भराभर रक्तात उतरते, स्लीव्हनंतरही तसं होतं, त्यामुळे थोडक्यात काम व्हायचं आणि हात परत तिकडेच जायचा. घरच्यांना वाटायचं, बारीक झालाय, मजेत आहे.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला एक वही करायला लावली. बाटलीला हात लावण्याआधी वेळ लिहायची आणि आधीच्या तासाभरात काय घडलं ते. "९.३०. साहेबांचा फोन." "९.५०. फोन." तीन आठवड्यांनी पानं उलटली तर जवळपास प्रत्येक ओळीत फोन होता. मला वाटत होतं मला तहान लागते. घेणं बंद करून चौदा महिने झाले.

तुमच्या सर्जनच्या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ असतील तर आजच वेळ मागा, नसतील तर बाहेर शोधा. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं तर थांबू नका, त्याच दिवशी सांगा. या ऑपरेशननंतर काही जणांच्या बाबतीत ते होतं, आणि ते बोलायची लाज वाटते.

प्रतिसाद ३ (माझ्या बायकोचं झालंय)

"मग केलंसच कशाला" हे मीसुद्धा बोललोय. त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

माझी बाजू सांगतो, कदाचित तुमच्या घरीही हेच असेल. आमचं बोलणं व्हायचं ते जेवताना. ऑपरेशननंतर ती पाच मिनिटांत उठायची आणि मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जेवायचो. तिच्या ताटात उरलेलं मी संपवायला लागलो, नऊ किलो वाढलो. राग कशाचा येतोय ते मला कळत नव्हतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलंय की ऑपरेशननंतर जोडपी वेगळी होण्याचं प्रमाण वाढतं, आणि एकट्या माणसांची नवी नातीही जास्त जुळतात. ते वाचल्यावर मी घाबरून तिच्याशी बोललो. आता तिचं खाऊन झालं तरी ती बसते. वाटी पुढ्यात रिकामीच असते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. तिसरा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्याने दोनदा वाचला, बोलला काही नाही, पण रात्री माझं झाल्यावर म्हणाला, "बस ना जरा."

लोह आणि कॅल्शियम मीही एकत्रच घेत होते.

दादा, वही सुरू केली. पहिली ओळ: "११.१०. काहीच झालं नव्हतं. आईची आठवण." त्याच्याखाली परत तेच, दुसऱ्या दिवशीचं. गुरुवारची वेळ मिळालीय. वही पहिल्याच दिवशी दाखवायची, की आधी नुसतं बोलायचं?