शब्दचर्चा: बाक्युलातले ‘प्रून’, ‘पर्ज’ आणि ‘रिसायकल’

अनुवादिका:
बाक्युला या बॅकअप प्रणालीची मदतपुस्तिका मराठीत आणण्याचे काम चालू आहे. ‘प्रून’, ‘पर्ज’ आणि ‘रिसायकल’ या तिन्हींसाठी मसुद्यात ‘हटवणे’ हा एकच शब्द आहे. फाइल रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअपमधून परत मिळवताना, कधीकधी एक संदेश येतो. त्याचा आशय असा: यादीत एकही फाइल आली नाही, म्हणून निवड करता येणार नाही, बहुधा रिटेन्शनच्या (नोंदी किती काळ ठेवायच्या याच्या) धोरणानुसार फायली प्रून झाल्या आहेत. इथे ‘हटवल्या गेल्या’ चालेल का? आणि ‘रिटेन्शन’ला काय म्हणावे?

टेपखोली:
अजिबात चालणार नाही. ‘हटवल्या’ वाचले की माणूस आशा सोडतो आणि शोध थांबवतो. फायली मात्र टेपवर जशाच्या तशा असतात.

बाक्युला दोन ठिकाणी लिहिते. खरा मजकूर व्हॉल्यूमवर जातो; व्हॉल्यूम म्हणजे एक टेप किंवा डिस्कवरची एक मोठी फाइल. कोणती फाइल कोणत्या जॉबमध्ये (बॅकअपच्या एका फेरीत) आणि कोणत्या व्हॉल्यूमवर आहे, ही नोंद कॅटलॉग या डेटाबेसमध्ये राहते. प्रून फक्त कॅटलॉगला हात लावते: मुदत संपलेल्या नोंदी काढते. काही बदलले नसेल तर फायलींच्या नोंदी 60 दिवस, जॉबच्या 180 दिवस आणि व्हॉल्यूमची मुदत 365 दिवस असते. त्यामुळे चार महिन्यांपूर्वीचा जॉब दिसतो, पण त्यातल्या फायलींची यादी उघडत नाही. तुमचा संदेश नेमका याच टप्प्यावर येतो. तेव्हाही अख्खा जॉब रिस्टोअर करता येतो, किंवा नावाचा साचा देऊन त्यातल्या काही फायली.

पर्जही कॅटलॉगमधल्याच नोंदी काढते, पण मुदत न पाहता. रिसायकलमध्ये मात्र व्हॉल्यूम नव्याने लिहायला घेतला जातो आणि जुना मजकूर खरोखर जातो. पहिल्या दोन अवस्थांत वाट शिल्लक असते, तिसरीत नसते. मराठी वाचकाला हा फरक शब्दातूनच कळायला हवा.

द्राक्षबाग:
मग प्रूनसाठी ‘छाटणी’च घ्या. नाशिककडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. छाटणीनंतर खोड आणि ओलांडे जागेवर राहतात, हे शब्द ऐकताच डोळ्यांसमोर येते. फक्त ‘फायलींची छाटणी’ नको, ‘फायलींच्या नोंदींची छाटणी’ लिहा.

अनुवादिका:
हे पटले. पर्जला ‘पुसणे’ कसे वाटते?

टेपखोली:
तिन्हींत तोच सर्वांत घातक, कारण टेप पुसली असे वाटते. ‘नोंदी काढून टाकणे’ असे सरळ लिहा. व्हॉल्यूमची ‘पर्ज्ड’ ही अवस्था मात्र वेगळी समजावावी लागेल. त्यावरच्या सगळ्या जॉबच्या नोंदी छाटणीत गेल्या, तरी ती आपोआप लागते, कोणी आज्ञा द्यावी लागत नाही. तिला ‘नोंदमुक्त’ म्हणता येईल. अपवाद डिस्कवरच्या व्हॉल्यूमचा: पर्जनंतर ट्रंकेट करण्याची, म्हणजे फाइल रिकामी करण्याची, सोय चालू ठेवली असेल आणि ती आज्ञा चालवली गेली असेल, तर तिथला मजकूरही गेला. रिसायकलला ‘पुनर्वापर’ चालेल, पण पहिल्या वापरात ‘जुना मजकूर नष्ट करून’ हे शब्द जोडाच.

दप्तरी:
रिटेन्शनला ‘जतन मुदत’. सरकारी दप्तरात कागद किती काळ ठेवायचे यासाठी अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. तिथे मुदत संपली म्हणजे कागद नष्ट झाला असे नव्हे, नष्ट करायला मोकळीक मिळाली. बाक्युलातही तसेच: 365 दिवस उलटलेला व्हॉल्यूम नवीन जागेची गरज पडेपर्यंत तसाच पडून राहू शकतो. ‘धारणा’ने बुद्धीची धारणा आठवते, म्हणून तो शब्द नको.

टेपखोली:
तो ‘पडून राहण्याचा’ काळ हीच संधी असते, म्हणून त्या संदेशाखाली क्रमही छापा. आधी व्हॉल्यूम वाचवायचा: बीकन्सोलमध्ये (बाक्युलाच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत) ‘अपडेट व्हॉल्यूम’ घेऊन अवस्था ‘रीड-ओन्ली’ करायची. एलटीओ टेप असेल तर कार्ट्रिजची लेखनरोधक खिट्टीही सरकवायची. मग जतन मुदत वाढवायची किंवा आपोआप छाटणी बंद करायची. ही पायरी सर्रास राहून जाते. त्यानंतर बीस्कॅन हे साधन चालवायचे, एस आणि एम या पर्यायांसह. ते व्हॉल्यूम वाचून कॅटलॉगमध्ये नोंदी पुन्हा भरते. मुदत जुनीच राहिली, तर तासन्‌तास वाचून भरलेल्या नोंदी पुढच्याच छाटणीत जातात, कारण जॉबची तारीख जुनीच असते. जॉब दोन टेपांवर पसरला असेल तर दोन्ही नावे लिहिल्याच्या क्रमाने एकदमच द्यावीत. ड्राइव्ह त्या वेळी दुसऱ्या जॉबच्या हातात नसावा.

नुसते व्हॉल्यूमवर काय आहे एवढेच पाहायचे असेल तर बीएलएस हे साधन पुरते. मोजक्याच फायली हव्या असतील, तर बीएक्स्ट्रॅक्ट हे साधन कॅटलॉगशिवाय थेट काढून देते.

अनुवादिका:
आणि खुद्द ‘रिस्टोअर’? ‘पूर्वस्थितीत आणणे’ असे लिहिले आहे.

टेपखोली:
त्याने लोक मूळ फोल्डरमध्ये शोधतात. बाक्युलासोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये ‘व्हेअर’ या ठिकाणी वेगळा फोल्डर दिलेला असतो, अनेकदा टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरखालचा, आणि फाइल मूळच्या पूर्ण मार्गासह त्याच्या आत उतरते. जॉब यशस्वी, फाइल ‘गायब’, अशा तक्रारीत आधी हेच तपासावे. टीएमपी स्मृतीत असेल तर यंत्र पुन्हा सुरू होताच ती प्रत जाते. शेवटी ‘चालवू का?’ विचारले जाते तेव्हा ‘मॉड’ लिहून जागा बदलता येते. तिथेच ‘रिप्लेस’ही पाहावे: ‘नेव्हर’ असेल तर आधीपासून असलेली फाइल वगळली जाते. मग अपेक्षित आणि प्रत्यक्ष फायलींचा आकडा जुळत नाही आणि अहवालात ‘रिस्टोअर ओके’पुढे इशारा येतो. मसुद्यात त्या इशाऱ्याला ‘त्रुटी’ म्हटले असेल तर बदला. टेप खराब आहे असा अर्थ त्यातून निघू नये.

‘प्रत उतरवणे’ हा माझा कौल. सर्व्हरच्या खोलीत ‘बॅकअप उतरवून दे’ असेच म्हणतात.

द्राक्षबाग:
रिस्टोअरच्या मेनूतल्या पाचव्या पर्यायाचे भाषांतरही तपासा. ‘सर्वांत अलीकडचा बॅकअप’ म्हणजे शेवटचा पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे वाढीव (फक्त बदललेल्या फायलींचे) बॅकअप, असे एकत्र. ‘अ‍ॅक्युरेट’ हा, काढून टाकलेल्या फायलींची दखल घेणारा पर्याय चालू असेल तर शेवटच्या वाढीव बॅकअपआधी यंत्रावरून काढून टाकलेली फाइल त्यात दिसणारच नाही. तिच्यासाठी सहावा पर्याय, म्हणजे ठरावीक वेळेआधीचा बॅकअप, आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, सोबत तास-मिनिट-सेकंद. आपल्याकडे दिवस आधी लिहायची सवय असल्याने हा क्रम ठळक छापा.