बंद घरातल्या बाथरूमच्या जाळीतून गटारीचा वास येतोय, काय करावं?

जुळे सोलापूरकर
नमस्कार मंडळी, आईबाबा मार्चमध्ये बहिणीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेले ते परवा आले, घर तीन महिने बंद होतं. कुलूप काढलं आणि आत पाय ठेववेना इतका वास, सडक्या अंड्यासारखा. सगळ्यात जास्त वास मागच्या बाथरूममधून येतोय, ती तशीही वर्षभर बंदच असते कारण आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि दोन-दोन बाथरूम धुवायला पाणी कुठून आणायचं. आईने दोन दिवसांत फिनाईलची अख्खी बाटली ओतली, तासभर बरं वाटतं मग परत तेच. शेजारचे म्हणतात सेप्टिक टाकी भरली असणार, गाडी बोलवा. पण तीन महिने घरात कोणी नसताना टाकी भरेल कशी हे मला पटत नाही. बाबांना दम्याचा त्रास आहे म्हणून काळजी वाटते, कोणाला अनुभव असेल तर सांगा.

पाईपवाला, अशोक चौक
दादा गाडी बोलवू नका अजून. आधी मोबाईलची बॅटरी लावून त्या जाळीत बघा, खाली पाणी चमकतंय का? नसेल चमकत तर तुमचा नहाणी ट्रॅप वाळलाय, दुसरं काही नाही.

ट्रॅप म्हणजे जाळीखाली जो वाकडा भाग असतो तो, त्यात कायम पाणी साठून राहतं, साधारण ५० मिलिमीटर म्हणजे दोन इंच, त्याला आम्ही सील म्हणतो. गटारीतला गॅस आणि तुमचं घर यांच्यात तेवढं दोन इंच पाणीच आडवं असतं, दुसरा कसला दरवाजा नाही. आपल्या इथला एप्रिल-मे, ४२-४३ डिग्री, त्यात घर बंद, वरून कोणी पाणी ओतत नाही, मग ते पाणी उडून जाणारच, तीन-चार आठवडे पुरतात. एकदा वाळलं की सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सोबत मिथेन, आणि झुरळं तर रांगेने वर येतात.

आता करायचं काय तर प्रत्येक जाळीत एक-दीड तांब्या पाणी सावकाश ओता. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, धुण्याची मोरी, गॅलरीतली वॉशिंग मशीनची जाळी, कमोड, बेसिन पण, बेसिनच्या खाली बाटलीसारखा ट्रॅप असतो तो पण वाळतो. ओतल्यावर खिडक्या उघड्या ठेवून तासा-दोन तासांनी वास घ्या.

आणि अजून एक, जाळी उचलून बघा. जुन्या पद्धतीच्या जाळीखाली एक उपडी वाटी असते, तिची कड पाण्यात बुडलेली पाहिजे. बरेच लोक केस अडकतात, पाणी तुंबतं म्हणून ती वाटी काढून कपाटावर ठेवून देतात. वाटी नसेल तर कितीही पाणी ओता, गॅस सरळ वर येणार. दुकानात त्या मापाची मिळते, महाग नसते.

होटगी रोडची काकू
वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय. मी आमच्या घरात एक सवयच लावून घेतली आहे, पाण्याचा दिवस आला की आपण घागरी-पिंपातलं शिळं पाणी काढून ताजं भरतो ना, ते शिळं पाणी अंगणात फेकायचं नाही, आधी वापरात नसलेल्या प्रत्येक जाळीत एक-एक तांब्या. वेगळं पाणी लागत नाही आणि विसरायलाही होत नाही. फक्त तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी टाकू नका, ते आत कुजतं आणि त्याचाच वास सुटतो.

गावाला जाताना पाणी ओतून झाल्यावर वरून दोन चमचे तेल सोडते, तेलाचा थर राहिला की पाणी लवकर उडत नाही. पण करडईचं तेल नको हं, आपल्या घरात तेच असतं म्हणून सांगते, करडई आणि जवसाचं तेल हवेवर वाळून चिकट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं ते उत्तम, खराब होत नाही. रोजच्या बाथरूममध्ये तेल टाकून उपयोग नाही, आंघोळीच्या पाण्याने लगेच वाहून जातं. आणि जाळीवर जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ठेवायची, ती जाळीवर नीट बसते.

तुमच्या आईंना सांगा, फिनाईलने वास झाकतो, गॅस थांबत नाही. आणि कृपा करून चिडून अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका, क्लोरीन तयार होतो, दम्याच्या माणसाला फार वाईट.

सात रस्ता, दुसरा मजला
आमच्याकडे रोज वापरातल्या बाथरूममध्ये हे व्हायचं म्हणून लिहितोय. पाणी ओतलं की दोन दिवस ठीक, परत कोरडं. मग लक्षात आलं की वरच्या मजल्यावर फ्लश केला की आमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. गच्चीवर वॉटरप्रूफिंग करताना व्हेंट पाईपचं, म्हणजे ड्रेनेजच्या पाईपला हवा देणाऱ्या पाईपचं, तोंड सिमेंटने बुजवलं होतं, हवा मिळाली नाही की खाली जाणारं पाणी आमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. तोंड फोडून मोकळं केलं, वर जाळीची टोपी बसवली, तेव्हापासून त्रास नाही. जाळीत केसांचा पुंजका लोंबत असेल तर तोही काढा, वातीसारखं पाणी पलीकडे ओढतो.

पाईपवाला, अशोक चौक
एक राहिलं. बंद घर उघडल्यावर असा वास आला तर पहिल्यांदा खिडक्या-दारं उघडा, देवापुढचा दिवा-उदबत्ती नंतर. घरात सहसा भडका उडण्याइतका गॅस नसतो पण मिथेन जळणारा आहे, धोका कशाला घ्यायचा. वास थोड्या वेळाने "गेला" असं वाटलं तरी विश्वास ठेवू नका, या गॅसने नाकच मरतं. आणि पाणी ओतूनही वास राहिला तर चेंबरचं झाकण बाहेरूनच बघा, कोणालाही आत उतरवू नका, कितीही ओळखीचा माणूस असला आणि पाच मिनिटांचं काम म्हणाला तरी. टाकीत उतरून माणसं मेली आहेत, २०१३ च्या कायद्याने तसं उतरवणं गुन्हा पण आहे. मशीनची गाडीच बोलवायची.

जुळे सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मागची जाळी ठणठणीत कोरडी होती आणि वाटी गायब, आईला विचारलं तर ती दोन दिवाळ्यांपूर्वी काढून माळ्यावर ठेवलेली. धुऊन बसवली, पाच जाळ्या आणि दोन्ही कमोडमध्ये पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीतला वास गेला. गॅलरीत अजून थोडा येत होता, बघितलं तर वॉशिंग मशीनचा पाईप जाळीतून काढून ठेवलेला आणि तिथे ट्रॅपच नाही, पाईप सरळ चेंबरला जोडलाय. सध्या वाळूची पिशवी ठेवली आहे. पाईपवाले दादा, तिथे फरशी न फोडता काही बसवता येईल का?

पाईपवाला, अशोक चौक
येईल. सिलिकॉनची पडदी असलेला, पाण्याशिवाय चालणारा ट्रॅप मिळतो, पाईपच्या तोंडात वरून ढकलून बसतो, पाणी आलं की उघडतो नाहीतर मिटलेला. पाईपचा आतला व्यास मोजून मगच घ्या. पडदीत धागे-केस अडकले की ती नीट मिटत नाही, महिन्यातून एकदा काढून धुवायची. फरशी जेव्हा कधी बदलाल तेव्हा मात्र खाली खरा ट्रॅप टाकून घ्या.

जुळे सोलापूरकर
उद्याच मोजतो. आईबाबा दिवाळीनंतर परत पुण्याला जाणार आहेत, शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन ठेवणार, पाण्याच्या दिवशी प्रत्येक जाळीत एक तांब्या. जाळ्या कुठेकुठे आहेत ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंय.