प्रति: पायथनचा नवा शेल म्हणजे नुसती रंगरंगोटी?

रंग दिसतात म्हणून पायथनचा नवा शेल (कोड टाइप करून लगेच चालवून बघायची जागा) आवडला असं नाही. मी म्हापशात अकरावी-बारावीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते, म्हणून हा शेल म्हणजे नुसती रंगरंगोटी हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीपासून वरचा बाण दाबला की आधी लिहिलेला अनेक ओळींचा अख्खा ब्लॉक परत येतो. पूर्वी एकेक ओळ यायची. परवा एका मुलीने नारळांच्या हिशेबाचा पाच ओळींचा लूप लिहिला, चौथ्या ओळीत कंस बंद करायचा राहिला. बाणाने वर गेली, कंस घातला, झालं! मागच्या वर्षी हाच लूप पुन्हा टाइप करताना मुलं कंटाळून वही मिटायची.

एफ३ दाबून पेस्ट केलं तर मधल्या रिकाम्या ओळीने फंक्शन तुटत नाही, हेही मोठं काम. बाहेर पडायला नुसतं एक्झिट टाइप केलेलं पुरतं, कंस लागत नाहीत. चूक दाखवणारा संदेश रंगीत येतो तेव्हा मुलांची नजर नेमकी चुकलेल्या जागी जाते, त्यामुळे रंगालाही मी कमी लेखणार नाही.

फक्त हे सगळं टर्मिनलमधल्या (आदेश टाइप करायच्या खिडकीतल्या) शेलचं. पायथनसोबत येणारा आयडल हा एडिटर उघडून शोधलंत तर सापडणार नाही.